देवमाशाच्या पुढे कोणीच जात नाही

५ जानेवारी, रविवार
आजपासून रोज लिहायचं. डॉक्टर म्हणाले, आजोबा, डोक्यात साठवून ठेवू नका, कुठेतरी मोकळं करा. ही लगेच म्हणाली, हो, आणि ते कुठेतरी म्हणजे मी नको. म्हणून वही.
आणखी संकल्प: रोज सकाळी फिरणे. बीपीची गोळी वेळेवर. सुनेच्या स्वयंपाकाबद्दल मत न देणे. कशावरही चिडणे नाही.

६ जानेवारी
फिरायला गेलो नाही. बाहेर गार होतं आणि कानटोपी सापडेना. गोळी घेतली की नाही ते आठवेना. घेतली असेल आणि परत घेतली तर? नसेल घेतली आणि राहिली तर? असा विचार करत बसल्यामुळे बीपी वाढलं असणार. हिला विचारलं. ही म्हणाली, तुम्ही माझ्यासमोर घेतलीत आणि पाणी माझ्या पायावर सांडलंत. भाजी खारट होती. बोललो नाही. फक्त तोंड वाकडं केलं.

९ जानेवारी, गुरुवार
मोठी गोष्ट घडली.
दुपारी बेल वाजली. दारात एक दाढीवाला. वय चाळीसच्या आतबाहेर. मला वाटलं गॅसवाला. तर म्हणाला, काका, त्या व्हिडिओ गेमच्या पार्लरमध्ये तुम्हीच होतात का? मालक वारले, पार्लरच्या जागी आता चष्म्यांचं दुकान आहे. शेजारच्या शिंप्याने माझा पत्ता दिला म्हणे. शिंपी अजून जिवंत आहे हे मला माहीत नव्हतं.
दाढीवाला आणि त्याचे मित्र पाणबुडीचा खेळ नव्याने बनवत आहेत. खेळाचं खरं नाव इंग्रजी आणि लांबलचक होतं, आम्ही सगळे पाणबुडीच म्हणायचो. कंपनी बुडाली, मशीनं भंगारात गेली, आतल्या चिपा कुजल्या. खेळ जगात कुठेच शिल्लक नाही. म्हणून ज्यांना आठवतो त्यांना विचारून विचारून हे लोक तो कॉम्प्युटरवर जसाच्या तसा उभा करत आहेत. एकेका माशावरून भांडणं होतात म्हणाला. मासा निळा की हिरवा यावरून दोघांनी बोलणं टाकलंय.
त्याने विचारलं, काका, तुम्ही पाणबुडी बघितली होती का?
मी म्हणालो, बघितली? मी खेळायचो. रोज.
दाढीवाला खुर्चीतून उभाच राहिला. ही आतून बघत होती. मी मुद्दाम तिच्याकडे बघितलं नाही.

१० जानेवारी
रात्री जेवताना चिरंजिवांना सांगितलं. ते म्हणाले, बाबा, तुम्ही खेळायचात कधी? तुम्ही तर दारात बसून सुट्टे द्यायचात.
हे आमचे चिरंजीव. बँकेत साहेब आहेत. लहानपणी शाळेत वडिलांचा व्यवसाय लिहायचा होता तर याने नोकरी एवढंच लिहिलं होतं. कसली ते नाही.
आता वस्तुस्थिती नोंदवून ठेवतो. दिवसभर मी दाराशी बसायचो हे खरं. गिऱ्हाइकांच्या पाठी तेवढ्या दिसायच्या, स्क्रीन कधी दिसला नाही. पण सकाळी शटर मी उघडायचो. झाडू मारायचा, मशीनच्या काचा पुसायच्या, मेन स्विच चालू करायचा. मालक यायला तासभर असायचा. तो तास माझा. पाणबुडी कोपऱ्यातल्या मशीनवर होती. दांडा धरला की मी वेगळा माणूस व्हायचो. असा खेळायचो की काय सांगू. कधी कधी माझा हात हलायच्या आधी पाणबुडी वळायची. इतका सराव.
पण बघायला कोणी नव्हतं. आयुष्यात एक गोष्ट मला नीट आली आणि तिला साक्षीदार नाही. बाकी सगळ्याला आहेत. दहावीला बसलोच नाही त्याला आहेत, उसाच्या रसाचं दुकान काढून बंद केलं त्याला आहेत, स्कूटर नाल्यात घातली त्याला तर अख्खी गल्ली आहे.
चिरंजिवांनी एकदा बघावं. बास. मग मी मरायला मोकळा. (आज छातीत थोडं दुखलं. गॅस असावा.)

१२ जानेवारी, रविवार
दाढीवाल्याच्या गॅरेजमध्ये मीटिंग. गाडी बाहेर, आत वायरी. हजर: दाढीवाला, मशीनचं लाकडी कपाट बनवणारा सुतार आणि एक डॉक्टरीणबाई. दातांच्या. बाकीचे परदेशातून स्क्रीनवर चौकटीत बसले होते. दाढीवाला माझं बोलणं त्यांना इंग्रजीत सांगत होता. सगळे मान हलवत होते. माझ्या बोलण्यावर एवढ्या माना एकदम हलल्याचं आठवत नाही.
मी साक्ष दिली. एक: खेळ मुका. आवाज नाही, संगीत नाही. दोन: खेळ चालू असताना स्क्रीनच्या मधोमध इन्सर्ट कॉइन ही अक्षरं उघडझाप करतात. फार त्रास होतो, मासा अक्षरांमागे लपतो. तीन: मासे ठरलेल्या क्रमाने येतात. आधी डावीकडून दोन, मग खालून एक, मग सुरुंग, मग दोन खडकांच्या फटीतून निसटायचं. चार: शेवटी उजवीकडून देवमासा येतो आणि गिळतो. त्याच्या पुढे कोणीच जात नाही.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असं कसं काका? मी कॉलेजात असताना देवमाशाच्या पुढे गेले आहे. पुढे बुडालेलं शहर लागतं, दिवे असतात, वीणेसारखं संगीत वाजतं.
मी शांतपणे म्हणालो, ताई, पार्लरमध्ये पंचवीस मशीनं एका वेळी कोकलायची. संगीत शेजारच्या मशीनचं असेल. शहर दुसऱ्या कुठल्या खेळातलं असेल. आणि कॉलेज बुडवून खेळत होतात तेव्हा लक्ष दाराकडे असणार.
सुतार फिसकन हसला. बाई लाल झाल्या. मीटिंग मी जिंकली.
एक गोष्ट सांगितली नाही. माझी युक्ती. नाणं न टाकता खेळायची. दांडा घट्ट धरून एकाग्र उभं राहिलं की मशीन आपोआप डाव द्यायचं. मेलो तर थोड्या वेळाने दुसरा. मालकाला मरेपर्यंत कळलं नाही. तंत्रज्ञांना तर कळणारच नाही.

१५ जानेवारी
मला ग्रुपवर घेतलं. ग्रुपचं नाव अचूकता. सुनेने मोबाइलवर टायपिंग शिकवलं. पहिला मेसेज टाकायला अर्धी दुपार गेली. टाकला तो सुनेच्या माहेरच्या ग्रुपवर गेला. व्याह्यांनी विचारलं, देवमासा कोणाला म्हणालात?
फिरायला जायचं सोमवारपासून.

२ फेब्रुवारी, रविवार
दाढीवाल्याने माझ्या साक्षीप्रमाणे खेळ बनवून लोकांना दिला. लोकांची मतं आली. एकाने लिहिलं, हा खेळ नसून शिक्षा आहे. एकाने लिहिलं, मधली अक्षरं काढा, डोळे गेले. एकाने विचारलं, देवमाशाच्या पुढे जाता येत नसेल तर लोक परत परत पैसे का टाकत होते?
मला फार समाधान वाटलं. म्हणजे अगदी हुबेहूब झालाय.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काका, एकदा खेळून तर दाखवा. मी म्हणालो, खरा दांडा आल्याशिवाय नाही. पण घरी सुनेच्या लॅपटॉपवर दार लावून एकदा बसलो. पाणबुडी जागची हलली नाही. माशांनी खाल्ली. बटणं टायपिंगसाठी असतात, समुद्रासाठी नाहीत. जुना दांडा मनातलं ओळखायचा.
खांदा दुखतोय.

५ फेब्रुवारी
ग्रुपवर कडाक्याचं भांडण. बाईंनी लिहिलं, एका माणसाच्या आठवणीवर सगळा खेळ उभा करणं धोक्याचं आहे. परदेशातल्या तिघांनी अंगठे दिले. मी उत्तर लिहायला घेतलं. लिहून होईपर्यंत विषय माशांच्या शेपटीवर गेला होता. तरी पाठवलं. लोकांना वाटलं मी शेपटीबद्दल बोलतोय.
अपमान सहन करायचा नाही असं ठरवून ग्रुप सोडला.

५ फेब्रुवारी, संध्याकाळी
ग्रुप सोडला हे कोणाच्या लक्षात आलेलं दिसत नाही.

६ फेब्रुवारी
अजून कोणाचा फोन नाही. कदाचित धक्क्यात असतील. हिला म्हणालो, मी स्वाभिमानाने सोडला. ही म्हणाली, बरं केलंत, मग तो मोबाइल सारखा उलटा करून काय बघताय?

७ फेब्रुवारी
परत कसं जायचं ते सुनेला विचारलं. ती म्हणाली, बाबा, आता त्यांनीच घ्यायला पाहिजे. दाढीवाल्याला फोन केला. म्हणालो, चुकून बोट लागलं. म्हातारी बोटं. तो म्हणाला, काका तुम्ही गेला होतात?
जेवण गेलं नाही. ग्रुपवर परत घेतलं हे महत्त्वाचं.

९ फेब्रुवारी, रविवार
मीटिंग. आज बाईंनी शस्त्रं टाकली. नोंदवून ठेवतो.
त्यांनी मला बाजूला बसवून एकेक प्रश्न विचारले, दाढ तपासावी तसे. काका, तुम्ही खेळताना वर स्कोअर वाढायचा का? मी म्हणालो, नाही, स्कोअर गिऱ्हाइकांचा असतो, आपल्याला काय करायचाय. काका, तुम्ही रोज देवमाशापाशीच मरायचात? रोज. आधी कधीच नाही? कधीच नाही, आपला हात पक्का. काका, नाणं तुम्ही टाकायचात की मालक द्यायचे? मी म्हणालो, ते एक गुपित आहे.
बाई माझ्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, काका, चहा घेणार ना? साखर किती?
आणि त्यानंतर पूर्ण मीटिंगभर एकदाही उलट बोलल्या नाहीत. विरोधक इतका साफ खचलेला मी प्रथमच बघितला. वाईटही वाटलं थोडं.

१४ फेब्रुवारी
ठरलं! मार्चमध्ये प्रदर्शन आहे. वाचनालयाचा हॉल घेतलाय. सुताराने बनवलेल्या कपाटात आपला खेळ बसवायचा आणि उद्घाटनाला मी खेळून दाखवायचं. मुख्य साक्षीदार म्हणून. चिरंजिवांना सांगितलं. म्हणाले, बघतो, मार्चमध्ये बँकेत वर्षअखेर असते बाबा. मी म्हणालो, बँक पळून जाणार नाही, मी जाईन. ही म्हणाली, कुठे? तुम्ही कोपऱ्यापर्यंत फिरायला जात नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार
वाईट बातमी. म्हणजे चांगली. ग्रुपवर सगळे नाचतायत.
कुठल्याशा बंदराच्या गोदामात खरं मशीन सापडलं. दांड्यासकट, चिपांसकट. दाढीवाला आणायला गेलाय. खेळ चालला तर सगळ्या वादांचा निकाल लागेल म्हणतात.
मी लिहिलं, अभिनंदन. मग स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यालो.
घाबरायचं कारण काय? मी जे बघितलं तेच त्यात असणार. चिपा काय खोटं बोलणार आहेत?
पण चाळीस वर्षं गोदामात पडलेलं. उंदीर असतात. दमट हवा असते. चिपा कुजलेल्या असण्याची शक्यता आहे. असायलाच पाहिजेत खरं तर. मला कोणाचं वाईट चिंतायचं नाही. पण कुजलेल्या असू देत.

२३ फेब्रुवारी, रविवार
मशीन आलं. तेच. हात लावून बघितलं, दांड्याचा लाल गोळा तसाच. डोळ्यात पाणी आलं. सगळ्यांना वाटलं जुन्या आठवणीने.
आतला बोर्ड बाहेर काढून टेबलावर ठेवला होता. उद्या वीज देणार. दाढीवाला फोनवर होता, सुतार रंधा मारत होता. माझ्या हातात चहाचा कप होता. बोर्ड माझ्यापासून वीतभर. मनात काय आलं ते लिहीत नाही. कप थोडा तिरका केला एवढं खरं. पण हात थरथरतो ना माझा. चहा माझ्याच पँटवर पडला. कडकडीत होता.
बाईंनी धावत येऊन ओला रुमाल दिला. म्हणाल्या, काका, जपा हो स्वतःला. मला ओरडून रडावंसं वाटलं.

२४ फेब्रुवारी
चालू झालं. दाढीवाल्याने दुपारी फोन केला, आवाज फाटला होता त्याचा. म्हणाला, संगीत आहे काका! मासे दरवेळी वेगळीकडून येतात! बाई देवमाशाच्या पुढे गेल्या, बुडालेलं शहर आहे, दिव्यांसकट आहे! अक्षरं नाहीत खेळताना. काका? ऐकताय ना?
ऐकतोय म्हणालो. रेंज नाही म्हणून ठेवला.
दुपारभर भिंतीकडे तोंड करून पडलो. हिने विचारलं, काय होतंय? म्हणालो, खांदा. तिने खांदा चोळला. दुसरा.

२६ फेब्रुवारी
उलगडा झाला! पहाटे झाला. उगाच दोन दिवस जिवाला घोर लावून घेतला.
एका मशीनमध्ये दोन खेळ आहेत. नाणं टाकणाऱ्या गिऱ्हाइकांसाठी सोपा. संगीत, शहर, दिवे, लाडीगोडी. आणि नाणं न टाकता जो दांडा धरून उभा राहील त्याच्यासाठी अवघड, मुका, अक्षरांसकट. उस्तादांसाठी. बाई सोपा खेळल्या, मी अवघड खेळलो. दोघंही खरे. अवघडाचं कोणाला माहीतच नाही, कारण नाण्याशिवाय उभं राहायचा धीर कोणाकडे नव्हता.
आता गुपित प्रदर्शनातच फोडायचं. सगळ्यांसमोर. चिरंजिवांसमोर.
मीठ बरोबर आहे असं सुनेला आपणहून सांगितलं. ती घाबरली.

२ मार्च, रविवार
बाई घरी आल्या. हिच्याशी गप्पा मारल्या, माझी कवळी फुकट घासून दिली. मग म्हणाल्या, काका, उद्घाटनाला तुम्ही फीत कापा, दोन शब्द बोला, पार्लरच्या आठवणी सांगा. खेळायचं कशाला? डोळ्यांना ताण.
मी म्हणालो, खेळणार.
म्हणाल्या, मग आधी गॅरेजमध्ये या एकदा. कोणी नसताना. मी नाणं टाकते, दोघं बघू.
मी म्हणालो, ताई, खेळाडू नाणं टाकत नाही.
त्यांनी हिच्याकडे बघितलं, हिने ताटाकडे बघितलं. बायकांच्या मनात मत्सर किती असू शकतो! ही सुद्धा नंतर म्हणाली, कापा ना फीत, फीत कापायला काय जातं तुमचं? घरात सुद्धा आपलं कोणी नाही.

१६ मार्च, रविवार, सकाळी
आज प्रदर्शन. इस्त्रीचा शर्ट. गोळी घेतली, हिच्या साक्षीने. चिरंजीव येतायत! स्वतःहून म्हणाले, चला बाबा, गाडीतून सोडतो आणि थांबतो. गाडीत पुढच्या सीटवर बसवणार आहेत मला.
चष्मा तीनदा पुसला.

१६ मार्च, घरी आल्यावर
जे झालं ते क्रमाने लिहितो. मला काही कळलेलं नाही असं समजून लिहितो.
हॉल भरला होता. फीत दाढीवाल्याने कापली, मी नकार दिला. गोदामातलं खरं मशीन मधोमध. बाई पुढे आल्या, मुठीत नाणं होतं. कानाशी वाकून म्हणाल्या, काका, मी टाकते, कोणी बघणार नाही. मी त्यांचा हात बाजूला केला आणि मोठ्याने म्हणालो, मंडळी, आता अवघड खेळ.
दांडा धरला. एकाग्र झालो. आणि मशीनने डाव दिला! चाळीस वर्षांनी, ओळख ठेवून! डावीकडून दोन, चुकवले. खालून एक, चुकवला. सुरुंग. मधे अक्षरं उघडझाप करतायत, मी डगमगत नाही. हात वाऱ्यासारखा. लोक जवळ आले. टाळ्या पडल्या. चिरंजीव पहिल्या रांगेत मोबाइल धरून शूटिंग करत होते, आणि चेहरा असा होता की मी या मुलाचा तो चेहरा कधी बघितला नव्हता. तोंड उघडं. लहानपणी सर्कशीत होतं तसं.
मग घामाने चष्मा घसरला. खडकांच्या फटीपाशी. दोन्ही हातांनी वर केला.
पाणबुडी फटीतून गेली.
लोकांना वाटलं मी गंमत करतोय. काही जण हसले, टाळ्या वाढल्या. मी पटकन दांडा धरला. पण सुतार मागून ओरडला. त्याला बोलायची अक्कल नाही, रंधा मारावा आणि गप्प बसावं. म्हणाला, अहो काका, नाणंच टाकलं नाहीये! हा डेमो चाललाय! मशीन आपलं आपण खेळतंय, गिऱ्हाइकाला दाखवायला! तुम्ही दांडा हलवा नाहीतर शेपूट हलवा, त्याला काय फरक पडतोय?
मी हलवत राहिलो. देवमासा येईपर्यंत हलवत राहिलो. कारण सोडला असता तर सगळ्यांना दिसलं असतं.
देवमाशाने गिळलं. हॉलमध्ये कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. चिरंजिवांनी मोबाइल खाली केला.

१७ मार्च
पाणबुडी वेगात होती, म्हणून थोडी आपोआप पुढे गेली असेल. पाण्यात तसं होतं.

१८ मार्च
तसं होत नाही.

२० मार्च
ग्रुपवर माझ्याबद्दल कोणी काही लिहीत नाही. माशांच्या शेपटीवर वाद चालू आहे. मी एकदा लिहिलं, नमस्कार. सगळ्यांनी हात जोडले. तेवढंच.
चिरंजिवांना विचारलं, ते शूटिंग आहे का? म्हणाले, नाही बाबा, तेव्हाच बॅटरी गेली. बॅटरी गेलेल्या मोबाइलवर त्यांनी परतताना गाडीत रस्ता बघितला होता, मी शेजारीच होतो. तरी बरं कारण दिलं. मला मान्य आहे.

२२ मार्च
आज हिला सगळं सांगितलं. रोज सकाळचा तो तास, दांडा, हात हलायच्या आधी वळणारी पाणबुडी. म्हणालो, आयुष्यात एक गोष्ट येत होती, ती पण येत नव्हती.
ही शेंगा सोलत होती. म्हणाली, मला माहीत होतं.
काय माहीत होतं?
म्हणाली, तुम्ही डबा विसरला होतात एकदा, मी द्यायला आले होते. तुम्ही त्या यंत्राशी झटत होतात. मधेच काच पुसायला हात काढलात तरी ते चालूच होतं. मी डबा दारात ठेवला आणि आले परत.
मी म्हणालो, अगं मग तेव्हाच का नाही बोललीस?
म्हणाली, का बोलू? त्या नादाने का होईना, वेळेवर उठून कामाला जात होतात. आधीच्या दोन नोकऱ्या उशिरानेच घालवल्या होत्यात.
मग म्हणाली, आणि दिसत होतात पण चांगले. फार खुशीत होतात. तसे नंतर काही दिसला नाहीत.
शेंगा सोलायला बसलो तिच्याबरोबर. निम्म्या खाल्ल्या म्हणून उठवलं.

३० मार्च, रविवार
बाईंचा फोन आला होता की गॅरेजमध्ये या, कोणी नसेल. नाही म्हणायचं ठरवलं होतं. गेलो. चालत गेलो.
मशीनपुढे उभा राहिलो. अक्षरं उघडझाप करत होती, पाणबुडी तिची तिची चालली होती. डावीकडून दोन, खालून एक. मी हात मागे बांधून बघितलं. छान खेळते.
मग बाईंनी नाणं टाकलं.
एवढ्या मोठ्याने संगीत सुरू झालं की मी दचकून मागे सरलो. अक्षरं गेली. समुद्र एकदम रिकामा आणि फार मोठा दिसायला लागला. मधोमध पाणबुडी उभी होती. मी ती निघण्याची वाट बघितली. ती निघाली नाही. बाई हळूच म्हणाल्या, काका, ती तुमची वाट बघतेय.
दांडा धरला. हात घामाने निसटत होता. डावीकडून दोन येणार हे पाठ होतं, म्हणून उजवीकडे वळवली. वळली! खरंच वळली, मी वळवली म्हणून वळली! ते बघत बसलो तेवढ्यात उजवीकडून एक आला आणि खाऊन गेला.
दुसरी पाणबुडी सुरुंगावर गेली. तिसरीचं काय झालं ते कळलंच नाही. मी अजून दांडा धरून होतो, वर स्कोअर आला होता. शून्य.
बाई म्हणाल्या, पहिल्या वेळी सगळ्यांचं असंच होतं काका.
मी विचारलं, तुमचं पण शून्यच झालं होतं का?
बाई अचूकतेच्या बाबतीत फार काटेकोर आहेत. त्यांनी रुमालाने मशीनची काच पुसली. मग म्हणाल्या, नाही.